रक्तशुद्धी आणि रुग्णाची शय्या

(मंडळाच्या वार्षिक संमेलनात केलेल्या भाषणाचा मजकूर)



वार्षिक संमेलनाच्या व्यासपीठावरून चार शब्द बोलण्यास मंडळाने एका परिचारिकेस पाचारण करावे, याबद्दल मी आपली मनःपूर्वक ऋणी आहे. हा मान माझ्यापेक्षा माझ्या व्यवसायाचा आहे असे मी समजते. विषय कोणता घ्यावा याचे स्वातंत्र्य चिटणिसांनी मला दिले. मंडळाच्या वैद्यकीय साहाय्य निधीकडे येणाऱ्या अर्जांत मूत्रपिंडाच्या विकाराचे अर्ज आता अपवादाने येत नाहीत, ही गोष्ट आपणांस ठाऊक आहे. मधुमेह आणि रक्तदाब हे आपल्या घराघरांतले पाहुणे झाले आहेत, आणि या दोहोंचा शेवटचा आघात पुष्कळदा मूत्रपिंडावर होतो. म्हणून यंत्राने रक्तशुद्धी, म्हणजे आपण सर्वजण ज्याला डायलिसिस म्हणतो त्या उपचारात रुग्णाला पलंगावर ठेवावे कसे, एवढाच लहानसा विषय मी घेतला आहे. विषय लहान खरा. परंतु उशी कोठे ठेवली आणि पाय केव्हा उचलले, यावर कधी कधी प्राणाचा निर्णय होतो.

प्रथम या उपचाराचे स्वरूप थोडक्यात सांगते. प्रत्येक मूत्रपिंडात सुमारे दहा लाख सूक्ष्म गाळण्या असतात. दोन्ही मूत्रपिंडे मिळून दिवसाकाठी सुमारे १८० लिटर द्रव रक्तातून गाळतात आणि त्यातला बहुतेक सगळा परत रक्तात घेऊन दीड-दोन लिटर तेवढे मूत्ररूपाने बाहेर टाकतात. हे काम थांबले की विषारी द्रव्ये आणि पाणी शरीरात साचू लागते. हॉलंडमधील कांपेन या गावी डॉ. विलेम कोल्फ यांनी महायुद्धाच्या धामधुमीत, १९४३ साली, सेलोफेनच्या नळ्या एका फिरत्या पिंपाभोवती गुंडाळून पहिले व्यवहार्य कृत्रिम मूत्रपिंड चालविले. त्यांच्या आरंभीच्या रुग्णांपैकी बहुतेक दगावले. १९४५ मध्ये एक वृद्ध स्त्री या यंत्राने वाचली, आणि जगाला नवी वाट दिसली. पुढे १९६० मध्ये अमेरिकेतील सिएटल येथे डॉ. बेल्डिंग स्क्रिब्नर यांनी हाताच्या रक्तवाहिन्यांत कायमची नळी बसविली, आणि १९६६ मध्ये हातातील धमनी व शीर एकमेकींस जोडण्याची शस्त्रक्रिया प्रसिद्ध झाली. तिलाच आपण फिस्टुला म्हणतो. या दोन शोधांमुळे काही दिवसांचा हा उपचार वर्षानुवर्षांचा झाला.

आज रुग्ण आठवड्यातून दोनदा किंवा तीनदा येतो, चार तास पलंगावर किंवा आरामखुर्चीवर पडून राहतो. एका सुईतून रक्त बाहेर जाते, यंत्रातल्या सूक्ष्म तंतूंच्या गाळणीतून फिरते आणि दुसऱ्या सुईतून परत येते. मिनिटाला २०० ते ३०० मिलिलिटर किंवा थोडे अधिक रक्त या फेऱ्यात असते. त्याच वेळी साचलेले जादा पाणीही यंत्र काढून घेते. मूत्रपिंड जे काम अहोरात्र, सावकाश करते, ते यंत्राला चार तासांत उरकावे लागते. बहुतेक सर्व उपद्रवांचे मूळ या घाईत आहे, हे ध्यानात ठेवावे.

आता माझ्या विषयाचे सूत्र सांगते. शरीरातील द्रवही पाण्यासारखाच उताराकडे धावतो. आपण उभे राहिलो की रक्ताचा मोठा भाग पायांकडे उतरतो. आडवे झालो की तो हृदयाकडे परततो. निरोगी माणसाच्या रक्तवाहिन्या हा फरक क्षणात सावरून घेतात. पण ज्याच्या रक्तातून दोन-तीन लिटर पाणी नुकतेच काढले आहे, ज्याच्या नसा मधुमेहाने मंदावल्या आहेत, त्याला हा तोल सावरता येत नाही. अशा वेळी परिचारिकेने रुग्णाच्या शरीराला दिलेला उतार हेच एक औषध ठरते. ते विकत घ्यावे लागत नाही आणि हाताशी सदैव असते. मात्र ते योग्य वेळी योग्य दिशेने दिले पाहिजे. एका प्रसंगी जे अमृत, दुसऱ्या प्रसंगी तेच विष.

उपचाराच्या आरंभापासूनच पाहू. दोन उपचारांच्या मधल्या दिवसांत पथ्य मोडलेला रुग्ण धापा टाकीत येतो. फुप्फुसांत पाणी भरलेले असते. अशा रुग्णाला सपाट निजविणे म्हणजे पायांतले पाणीही छातीवर लोटणे होय. त्याला पाठीशी भरपूर आधार देऊन बसते करावे. श्वास फारच लागला असेल तर पाय पलंगाखाली सोडावेत. अर्धवट बसत्या अवस्थेला जॉर्ज रायरसन फाउलर या अमेरिकन शल्यविशारदाचे नाव मिळाले आहे. यंत्राने पाणी काढण्यास आरंभ झाला की तासाभरात श्वास हलका होऊ लागतो, आणि मग डोक्याकडची बाजू हळूहळू उतरवीत न्यावी. जो रुग्ण पहिल्या तासाला बसूनच राहिला पाहिजे, तोच तिसऱ्या तासाला आडवा असणे हिताचे असते. यंत्राचे आकडे पाहणे पुरेसे नाही, रुग्णाकडे पाहावे लागते, ते यासाठी.

दुसरी गोष्ट हाताची. फिस्टुलाचा हात सरळ, सैल, उशीवर टेकलेला आणि साधारण हृदयाच्या पातळीवर असावा. कोपर दुमडले किंवा हात अंगाखाली गेला की रक्ताचा प्रवाह अडतो, यंत्र घंटा वाजविते, आणि प्रवाह पुन्हा पुन्हा अडल्यास रक्त साकळण्याचा धोका वाढतो. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे हा हात उघडा, डोळ्यांसमोर असला पाहिजे. वातानुकूलित खोलीत रुग्णाला थंडी वाजते. प्रेमाने कोणी शाल पांघरते आणि सुया त्या शालीखाली झाकल्या जातात. रक्त परत आणणारी सुई निसटली, तर पंप मिनिटाला ३०० मिलिलिटर रक्त गादीवर ओतीत राहतो. प्रौढ मनुष्याच्या अंगात रक्त सुमारे पाच लिटर. चार मिनिटांत एक लिटराहून अधिक जाते, आणि यंत्राची दाबाची घंटा अशा वेळी वाजेलच असा भरवसा नसतो. म्हणून शाल जरूर पांघरावी, पण हात आणि सुया शालीबाहेर ठेवूनच.

आता सर्वांत नेहमीचा उपद्रव. उपचाराच्या उत्तरार्धात रुग्णाला जांभया येतात, तो अस्वस्थ होतो, घाम फुटतो, मळमळते, डोळ्यांपुढे अंधारी येते. हा रक्तदाब उतरल्याचा इशारा होय. रक्तातले पाणी यंत्र काढते. ऊतींमधले पाणी रक्तात येऊन ती तूट भरून काढते. पण काढण्याचा वेग भरण्याच्या वेगापेक्षा अधिक झाला की रक्ताचे आकारमान घटते. आपल्याकडे माणसाला चक्कर आली की त्याला उठवून बसवायचे आणि घोटभर पाणी किंवा चहा पाजायचा, ही जुनी रीत. रक्तशुद्धीच्या पलंगावर ती अत्यंत घातक आहे. बसविल्याने मेंदूकडे जाणारे उरलेसुरले रक्तही खाली उतरते, आणि अर्धवट शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात ओतलेले पाणी श्वासनलिकेत जाण्याचे भय असते. योग्य कृती याच्या नेमकी उलट आहे. पाठ सपाट करावी, उशी काढावी, आणि दोन्ही पाय उचलून उंच धरावेत किंवा पायांखाली उशा रचाव्यात. पायांतले सुमारे ३०० मिलिलिटर रक्त क्षणार्धात हृदयाकडे परत येते. जणू रुग्णानेच स्वतःला रक्त दिले. परिचारिका त्याच वेळी पाणी काढणे थांबविते, डॉक्टरांच्या आज्ञेप्रमाणे थोडे सलाईन देते आणि दाब पुन्हा पुन्हा मोजते. "अंथरूण पाहून पाय पसरावे" ही म्हण आपण संसारात पाळतो. या पलंगावर मात्र प्रसंग पाहून पाय उचलावे लागतात.

येथे एक खुलासा आवश्यक आहे. जुन्या पाठ्यपुस्तकांत अशा वेळी अख्खा पलंगच डोक्याकडे उतरता करावा असे सांगत. जर्मन शल्यविशारद ट्रेंडेलेनबुर्ग यांच्या नावाने ती स्थिती ओळखली जाते. पुढील अनुभवाने असे दिसले की तिचा लाभ थोडा आणि अल्पकाळ टिकणारा असतो. उलट पोटातील अवयवांचा भार छातीवर पडून श्वास कोंडतो आणि उलटी झाल्यास ती घशात अडकते. म्हणून आज पाठ सपाट ठेवून पाय तेवढे उचलण्याकडे कल आहे. आणि रुग्णाला उलटी होत असेल तर प्रथम त्याची कूस वळवावी. वळविताना सुयांच्या हाताकडे एकाने लक्ष ठेवावे. गर्भवती स्त्री या पलंगावर आली तर तिला डाव्या कुशीवर ठेवावे, कारण उताणे निजल्याने गर्भाशयाचा भार मोठ्या शिरेवर पडतो आणि हृदयाकडे परतणारे रक्त अडते.

पायांत गोळे येणे हाही असाच त्रास. पोटरी दगडासारखी घट्ट होते आणि धीराची माणसेही ओरडतात. त्या वेळी गुडघा सरळ ठेवून पाऊल हलकेच पण ठामपणे नडगीकडे ओढून धरावे, स्नायू ताणला गेला की गोळा सुटू लागतो. नुसते चोळीत बसण्यापेक्षा हे अधिक गुणकारी आहे. मात्र गोळा हाही पाणी फार वेगाने निघत असल्याचा निरोप असू शकतो. म्हणून सिस्टरांना सांगितल्यावाचून राहू नये.

क्वचित घडणारा, पण घडल्यास भयंकर असा अपघात म्हणजे नळीतून हवा रक्तात शिरणे. आजच्या यंत्रांत हवा हेरणारी योजना असते, त्यामुळे तो विरळा झाला आहे. रुग्ण बसलेला असेल तर हवेचा बुडबुडा मेंदूकडे चढतो. निजलेला असेल तर हृदयाच्या उजव्या कप्प्यात जातो आणि तेथून फुप्फुसाची वाट अडवितो. अशा वेळी परिचारिका प्रथम पंप थांबविते आणि परतीची नळी चिमट्याने बंद करते. मग रुग्णाला डाव्या कुशीवर, डोके खाली करून ठेवते आणि प्राणवायू देते. डाव्या कुशीमुळे हवा फुप्फुसाच्या धमनीच्या तोंडापासून दूर, कप्प्याच्या वरच्या अंगाला अडकून राहावी, असा हेतू असतो. ही रीत १९४७ साली अमेरिकेत वर्णिली गेली. मघाशी ज्या उतरत्या डोक्याला मी दोष दिला, तेच येथे उपयोगी पडते. प्रसंगाप्रमाणे स्थिती बदलते ती ही अशी.

ज्यांचा फिस्टुला तयार झालेला नसतो त्यांना मानेतील किंवा जांघेतील शिरेत कॅथेटर बसवितात. जांघेत कॅथेटर असता रुग्णाला ताठ बसवू नये. कंबर फार दुमडली की नळी मुडपते. मानेतील कॅथेटर काढण्याची वेळ आली की रुग्णाला बसवून तो कधीही काढू नये. त्याला सपाट निजवून, श्वास सोडवून किंवा रोखून धरावयास सांगून नळी काढतात, जागा नीट दाबून हवाबंद पट्टी लावतात, आणि अर्धा तास तरी त्याला निजवून ठेवतात. बसलेल्या माणसाने खोल श्वास घेतला तर त्या छिद्रातून हवा आत ओढली जाऊ शकते, हे त्याचे कारण.

वृद्ध, कृश आणि मधुमेही रुग्णांच्या बाबतीत आणखी एक काळजी घ्यावी लागते. चार तास एकाच अवस्थेत पडून राहिल्याने माकडहाड आणि टाचा यांवर दाब येतो व शय्याव्रण होतो. फ्लॉरेन्स नाइटिंगेल बाईंनी एकोणिसाव्या शतकातच स्पष्ट बजावले होते की शय्याव्रण हा बहुधा रोगाचा दोष नसून शुश्रूषेचा असतो. सुयांचा हात न हलविताही कंबरेचा भार बदलता येतो. पोटऱ्यांखाली मऊ उशी देऊन टाचा अधांतरी ठेवता येतात. दोन तासांतून एकदा तरी हा पालट व्हावा. मधुमेह्याच्या पायाला संवेदना नसते. त्याला दुखत नाही म्हणून जखम नाही असे समजू नये.

उपचार संपला की घरच्या माणसांची घाई सुरू होते. खाली रिक्षा उभी असते आणि चार तास ताटकळलेला मुलगा वडिलांना "चला, उठा" म्हणतो. हाच क्षण सर्वांत फसवा. सुया काढलेल्या जागा बोटाने दहा-पंधरा मिनिटे दाबून धराव्यात. घट्ट दोरीसारखी पट्टी आवळू नये. मग पाठ थोडी वर करावी, काही मिनिटांनी पाय खाली सोडून बसवावे, आणि चक्कर नाही अशी खात्री झाल्यावर आधाराने उभे करावे. बसल्या व उभ्या अवस्थेतील रक्तदाब मोजल्यावाचून रुग्णाला दाराबाहेर सोडू नये. घाईने उभा राहिलेला वृद्ध पडतो, मांडीचे हाड मोडते, आणि यंत्राने वाचविलेले आयुष्य फरशीवर गमावले जाते.

घरी काय पाळावे? फिस्टुलाच्या हातावर डोके ठेवून किंवा त्या कुशीवर निजू नये. त्या हातात घट्ट बांगड्या, घड्याळ घालू नये. त्यावर रक्तदाब मोजू देऊ नये, त्यातून रक्त काढू देऊ नये, त्या हाताने जड पिशवी उचलू नये. रोज सकाळी बोट ठेवून त्याची थरथर पाहावी. ती थांबली तर उद्याची वाट न पाहता रुग्णालय गाठावे. आणि पाणी व मीठ मोजून घ्यावे. थेंबे थेंबे तळे साचे, ही म्हण धनाइतकीच या पाण्यालाही लागू आहे. साधारणतः दर किलो वजनामागे तासाला १३ मिलिलिटरपेक्षा अधिक पाणी काढू नये असा दंडक आहे. म्हणजे साठ किलो वजनाच्या माणसाचे चार तासांत तीन लिटर फार झाले. जो चार-पाच लिटर साचवून येतो, त्याला कितीही कुशलतेने निजविले तरी त्रास चुकत नाही. आपल्या समारंभांतल्या पंक्तीत "एवढ्याने काय होते" म्हणून लोणचे-पापडाचा आग्रह करणाऱ्यांनी, आणि समाचाराला जाताना शहाळे नेणाऱ्यांनीही, हे ध्यानात ठेवावे. शहाळ्यातील पोटॅशियम या रुग्णांच्या हृदयाला अपायकारक आहे.

आपण म्हणाल, ही तर परिचारिकेची कामे. आम्हां श्रोत्यांना ती कशाला? त्याचे उत्तर असे. एका परिचारिकेकडे एकाच वेळी अनेक पलंग असतात. रुग्णाची पहिली जांभई, पहिला घाम, शालीखाली सरकलेला हात, हे प्रथम दिसते ते उशाशी बसलेल्या पत्नीला किंवा मुलाला. त्यांनी यंत्राला हात लावू नये, नळीला स्पर्श करू नये, मनाने काही पाजू नये. पण काय दिसले ते तत्काळ सिस्टरांना सांगावे, आणि त्यांनी "पाय उचला" म्हटले की का उचलायचे हे समजून उचलावेत. भ्यालेल्या दहा माणसांपेक्षा समजलेला एक माणूस अधिक उपयोगी पडतो.

म्हणून मंडळापुढे मी दोन सूचना ठेवते. २०१६ पासून पंतप्रधान राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रमाखाली जिल्हा रुग्णालयांतून दारिद्र्यरेषेखालील रुग्णांसाठी विनामूल्य डायलिसिसची योजना आहे. तिची माहिती गरजूंपर्यंत पोहोचवावी, आणि निधीतला काही भाग रुग्णाच्या जाण्यायेण्यासाठी व सोबत करणाऱ्याच्या शिक्षणासाठी ठेवावा. वर्षातून दोन रविवारी एखाद्या अनुभवी परिचारिकेचा वर्ग आपल्या सभागृहात भरवावा, आणि तो आपल्याच ज्ञातीपुरता न ठेवता शेजाऱ्यापाजाऱ्यांना खुला असावा. रुग्णशय्येला जात नसते.

दुसरी सूचना थोडी परखड आहे. विद्यार्थी-गौरवाच्या यादीत डॉक्टर आणि इंजिनियर होणाऱ्या मुलामुलींची नावे आपण टाळ्यांच्या गजरात वाचतो. परिचारिका होऊ इच्छिणाऱ्या मुलीच्या घरी मात्र अजूनही "दुसरे काही मिळाले नाही का?" असा प्रश्न ऐकू येतो. १९०९ साली स्थापन झालेल्या पुण्याच्या सेवासदनातून रमाबाई रानडे यांनी, समाजाची नाके मुरडलेली असता, मध्यमवर्गातील स्त्रियांना परिचारिकेच्या शिक्षणाकडे वळविले. त्याला शतक उलटून गेले. ज्या हातांनी आपले वडील निजविले, उठविले आणि वाचविले, त्या हातांना आपल्या मुलीचे हात म्हणण्यात कमीपणा वाटत असेल, तर दोष व्यवसायात नाही, आपल्या दृष्टीत आहे. पुढील वर्षापासून परिचर्याशास्त्राच्या विद्यार्थ्यांसाठी, मुलींप्रमाणे मुलांसाठीही, एक शिष्यवृत्ती ठेवावी अशी माझी विनंती आहे. तीसाठी माझ्या ऐपतीप्रमाणे पहिली वर्गणी मी आज खजिनदारांकडे देत आहे.

यंत्र परदेशातून आणता येते, औषध दुकानातून मिळते; परंतु रुग्णाच्या मानेखालची उशी केव्हा काढावी हे जाणणारे माणूस घडवावेच लागते. ते घडविण्यास आपल्या मंडळाने हातभार लावावा, एवढीच माझी प्रार्थना आहे.